पेरोलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: अमेरिकेतला बेकारी विम्याचा कर

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या आणि वर्क परमिट मिळाल्यावर बुककीपिंग किंवा पेरोलकडे वळणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, नेमकं शिकायचं काय? बी.कॉम. झालेलं असतं, पुण्या-मुंबईला पीएफ-ईएसआयची चलनं भरलेली असतात. सॉफ्टवेअर हाताखालून गेलं की जमतं, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचं गणितही सरळ आहे. गाडी अडते ती बेकारी विम्याच्या करापाशी. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा सगळ्यांना सारखाच, ३.२५ टक्के. इथे एकाच रस्त्यावरच्या दोन रेस्टॉरंटांचे दर वेगळे असू शकतात, आणि का वेगळे ते मालकाला समजावणं तुमच्याकडे येतं. मी कॅलिफोर्नियात काम करते, म्हणून उदाहरणं इथली. दुसऱ्या राज्यात आकडे बदलतील.

कर दोन जागी भरायचा. फेडरल कर म्हणजे फ्यूटा. प्रत्येक कामगाराच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के, पण राज्याचा कर वेळेत भरला असेल तर त्यातून ५.४ टक्क्यांची सूट मिळते. उरले ०.६ टक्के, म्हणजे माणशी ४२ डॉलर. पगार साठ हजार असो की दीड लाख, ४२च. ही ७,००० ची मर्यादा १९८३ पासून हललेली नाही. वर्षाचा हिशेब फॉर्म ९४० वर जातो. मात्र देणं ५०० डॉलरच्या वर गेलं की त्या तिमाहीनंतर पैसे भरावे लागतात.

राज्याचा कर ईडीडीकडे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रोजगार खात्याकडे. इथेही मर्यादा ७,००० च. नव्या मालकाला पहिली दोन-तीन वर्षं ३.४ टक्के, म्हणजे माणशी २३८ डॉलर, शिवाय ट्रेनिंग टॅक्स ०.१ टक्का, म्हणजे ७ डॉलर. हे सगळं मालकाच्या खिशातून जातं. कामगाराच्या पगारातून कापायचा तो एसडीआय (आजारपण-अपंगत्वाचा राज्य विमा), यूआय (बेकारी विमा) नव्हे. दोन्ही एकाच रिटर्नमध्ये, डीई ९ मध्ये दिसतात, म्हणून नव्या माणसाची गल्लत होते. (न्यू जर्सीत मात्र यूआयसाठी कामगारही थोडा भार उचलतो.)

आता यातली गोम. मर्यादा माणशी आहे, जागेमागे नाही. बहुतेकांचे ७,००० मार्चपर्यंत संपतात आणि पुढे वर्षभर कर शून्य. पण किचनमधल्या एकाच जागेवर वर्षात चार माणसं आली-गेली, प्रत्येकाचा पगार ७,००० च्या वर गेला, तर कर चारदा. माणसं टिकत नाहीत त्या धंद्याला हा कर इथेच जास्त बसतो, दर वाढायच्या आधीच.

सवलती तपासायला विसरू नका. एकट्याच्या नावावरच्या धंद्यात नवरा, बायको किंवा २१ वर्षांखालचं मूल पगारावर असेल तर त्या पगारावर फ्यूटा नाही. धंदा कॉर्पोरेशन केला की ही सवलत गेली, आणि मालकाच्या स्वतःच्या पगारावरही कर लागतो. एफ-१ वरचा, ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसातल्या कामाच्या परवानगीवर) काम करणारा विद्यार्थी करापुरता अनिवासी असेल तोवर फ्यूटातून बाहेर. एच-१बी वाल्याच्या पगारावर मात्र पूर्ण कर भरायचा, आणि नोकरी गेली की दुसरीकडे लगेच काम करायची मोकळीक नसल्याने बेकारी भत्ता सहसा त्याला मिळत नाही! आपल्या लोकांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

दर ठरतो तो असा. ईडीडी प्रत्येक मालकाचं एक राखीव खातं ठेवते. भरलेला कर जमेला, आणि सोडलेल्या कामगारांना दिलेला भत्ता खर्चाला. शिल्लक चांगली तर दर कमी, खड्डा पडला तर जास्त. सध्या तक्ता १.५ ते ६.२ टक्क्यांचा आहे. कॅलिफोर्नियात भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, २६ आठवडे. म्हणजे एक दावा ११,७०० पर्यंत जाऊ शकतो, आणि जमेला पडतात वर्षाचे माणशी २३८. आधीचे मालक असतील तर बोजा वाटला जातो, तरी अंदाज येईल.

म्हणून कामगाराने भत्ता मागितला की ईडीडीकडून येणारी दाव्याची नोटीस हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. पाठवल्याच्या तारखेपासून १० दिवसांत उत्तर द्यायचं, आणि लहान दुकानांत ती नेमकी पिझ्झाच्या जाहिरातींखाली सापडते. मालक म्हणतो, "ताई, लिहून टाका, कामचुकार होता." असलं लिहून काही साधत नाही. काम जमत नव्हतं म्हणून काढलं, तर भत्ता मिळतो. जाणूनबुजून नियम मोडला, हे मालकाला दाखवावं लागतं. "१२ तारखेला लेखी ताकीद, १९ ला न कळवता गैरहजर, सोबत सहीचा कागद" असं लिहा. स्वतःहून सोडलं असेल तर राजीनाम्याचा मेसेज जोडा. आणि खरंच काम कमी झालं म्हणून काढलं असेल तर भांडू नका. विमा त्याचसाठी आहे.

कोणी सल्ला देईल की नवी कंपनी काढून माणसं तिकडे वळवा, दर पुन्हा ३.४ होईल. २००४ च्या फेडरल कायद्याने राज्यांना हे रोखायला लावलंय. त्या वाटेला जाऊ नका.

जानेवारीत एक फोन ठरलेला: फ्यूटा एवढा कसा? कोविडकाळात राज्याने भत्त्यांसाठी फेडरल सरकारकडून कर्ज घेतलं, ते सुमारे २० अब्ज डॉलरवर गेलं. ते फिटेपर्यंत मालकांची ५.४ ची सूट दरवर्षी ०.३ ने घटते. २०२४ साठी ती एकूण ०.९ ने घटली आणि ४२ चे १०५ झाले. नोव्हेंबरातच मालकाला सांगून ठेवा.

आणि डिसेंबरात येणारी दराची नोटीस मागून घ्या. दर चुकीचा वाटला तर हरकत घ्यायला ६० दिवस असतात. बरोबर असेल तर जानेवारीच्या पहिल्या पगाराआधी सॉफ्टवेअरमध्ये स्वतः घाला. ते आपोआप बदलेल, या भरवशावर राहू नका.