हवाई दलातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे चरित्र कसे लिहावे

लिहायला बसण्यापूर्वी कागदावर तीन रकाने आखावेत: तारीख, त्या दिवशीचा हुद्दा (दलातील श्रेणी) आणि त्या दिवशीचे पद (सोपवलेली जबाबदारी). अशा लेखांतील पुष्कळ चुका हुद्दा आणि पद यांची गल्लत झाल्यामुळे होतात. उदाहरणार्थ, अर्जन सिंग १ ऑगस्ट १९६४ रोजी भारताचे हवाई दलप्रमुख झाले, पण तेव्हा त्यांचा हुद्दा एअर मार्शल होता. प्रमुखपदाचा दर्जा वाढून ते हवाई दलाचे पहिले एअर चीफ मार्शल झाले ते जानेवारी १९६६ मध्ये. म्हणजेच १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाविषयी लिहिताना त्यांना ‘एअर चीफ मार्शल’ म्हणणे चूक ठरते. तसेच १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावरून झालेल्या विमानांच्या संचलनाचे नेतृत्व त्यांनी ग्रुप कॅप्टन असताना केले. हा हुद्दा भूदलातील कॅप्टनच्या नव्हे, कर्नलच्या बरोबरीचा आहे, हे वाचकाला आवर्जून सांगावे.

युद्धाचा भाग सावकाश लिहावा. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूतील छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दल वापरण्याची परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून व्हॅम्पायर व मिस्टेअर विमाने झेपावली. एवढ्यावर थांबू नये. त्या संध्याकाळी आपली व्हॅम्पायर विमाने पडली, हेही लिहावे. नुकसान वगळले तर तो निर्णय किती कठीण होता हे वाचकाला कळणारच नाही, आणि मला तर तो अधिकाऱ्यावरचा अन्यायच वाटतो.

पदकांपुढे त्यांचे कारण आणि वर्ष द्यावे. १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील इंफाळच्या लढाईत हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचे (विमानांच्या तुकडीचे) नेतृत्व केल्याबद्दल मिळालेला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा युद्धातील कामगिरीचा सन्मान आहे, तर १९६५ चा पद्मविभूषण हा नागरी सन्मान आहे. दोन्ही एकाच ओळीत कोंबू नयेत. जन्मगाव लिहिताना तेव्हाचे आणि आताचे अशी दोन्ही नावे द्यावीत, जसे लायलपूर, आताचे पाकिस्तानातील फैसलाबाद.

दलातून बाहेर पडल्यानंतरचे आयुष्य थोडक्यात द्यावे: स्वित्झर्लंडमधील राजदूतपद, केनियातील उच्चायुक्तपद, दिल्लीचे नायब राज्यपालपद. मात्र ‘निवृत्त’ हा शब्द जपून वापरावा. अर्जन सिंग १९६९ मध्ये प्रमुखपदावरून निवृत्त झाले खरे, पण जानेवारी २००२ मध्ये त्यांना मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हा पंचतारांकित, म्हणजे हवाई दलातील सर्वोच्च हुद्दा मिळाला आणि तो आजीवन असल्याने, २०१७ मध्ये झालेल्या निधनाच्या नोंदीतही त्यांच्या नावाला ‘निवृत्त’ न जोडता हाच हुद्दा लिहावा.