घरी बर्न केलेली डीव्हीडी प्लेअरवर कशी लागली

आजीच्या गप्पांचं चित्रण डीव्हीडीवर घेतलं. कॉम्प्युटरवर मस्त चालायचं. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातलं की डिस्क गरगर फिरायची, आत दोनदा टकटक व्हायचं आणि पडद्यावर ‘नो डिस्क’.

मी एमपी४ फाइल तशीच डेटा डिस्क म्हणून बर्न केली होती, तीही आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर). जुन्या प्लेअरला एमपीईजी-२ या व्हिडिओ प्रकारातलं चित्रण लागतं, ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरमध्ये व्हीओबी (चित्र आणि आवाज) आणि आयएफओ (त्यांच्या मांडणीची माहिती) फाइलींच्या रूपात. शिवाय आरडब्ल्यू डिस्क लेझरचा प्रकाश बरीच कमी परत पाठवते, त्यामुळे काही प्लेअरना ती दिसतच नाही. म्हणून साधी, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर घेतली. डीव्हीडीस्टायलर या मोफत प्रोग्रामने पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम असं रूपांतर केलं. बर्न करताना डिस्क फायनलाइज करायला (म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करायला) विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया.

डिस्क लागली! पण शेवटच्या भागात चित्र अडखळायला लागलं. याने मला सर्वात जास्त छळलं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि १६एक्सला (मूळ वेगाच्या सोळापट) खरा पूर्ण वेग येतो तो बाहेरच्या कडेलाच. तिथेच चुका वाढतात. वेग ४एक्सवर आणला, कागदी लेबलही चिकटवलं नाही (त्याने डिस्कचा तोल जातो), नाव मार्करने लिहिलं.

काल रात्री आजीचं शेवटचं वाक्य न अडखळता ऐकलं. आता बाकीच्या सहा डिस्क याच पद्धतीने पुन्हा बर्न करतोय.