जुनी रेड वाईन जेवणासोबत कशी चाखावी

दहा-बारा वर्षं मुरलेली रेड वाईन नाजूक असते. ठाण्यात तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: उकाडा आणि ताटातलं तिखट.

दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. गाळ अपायकारक नसतो, पण कडू आणि कचकचीत लागतो.

‘रूम टेम्परेचरला प्या’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये 32 अंश असतात. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलच नाकात चढतो. वाईन 16 ते 18 अंशांवर हवी. त्यासाठी फ्रीजमध्ये तास-दीड तास, तीही उभीच. किंचित जास्त गार झाली तरी चालेल, ग्लासात ती लगेच कोमट होते.

जुनं बूच ठिसूळ असतं. स्क्रू घातला की भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर दोन्ही बाजूंनी डुलवत आत सरकवा आणि पिळत ओढा. तरी तुटलंच, तर स्वच्छ मलमलीतून गाळा. चहाची गाळणी नको, तिचा वास उतरतो.

आता एका दमात, न थांबता जगमध्ये ओता. बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि गढूळ धार दिसताच थांबा. तळाचे 50 मिली सोडून द्या. कोवळी वाईन तासभर उघडी ठेवली तर खुलते. जुनीचा सुगंध तेवढ्यात उडून जातो. म्हणून पानं वाढल्यावरच ओता.

ग्लासात 75 मिली पुरे. आधी न हलवता वास घ्या: मनुका, चामडं, ओली माती, तंबाखू. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष आहे, तो हवेने जात नाही. व्हिनेगरसारखा आला तर वाईन गेली.

सोबत सीकेपी पद्धतीचं मटण उत्तम. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण नेहमीइतकंच, मिरची मात्र निम्मी. मटणातली प्रथिनं वाईनमधल्या टॅनिन या घटकाचा तुरटपणा पोटात घेतात. तिखट उलट अल्कोहोलची जळजळ वाढवतं. सुरमई-बांगडा दुसऱ्या दिवशी करा, कारण रेड वाईनमधल्या लोहामुळे मासा उग्र, धातूसारखा लागतो. कच्चा कांदाही ताटात नको.

आधी नुसता घोट, मग घास, तो गिळल्यावर पुन्हा घोट. दुसऱ्या घोटाला तुरटपणा कमी आणि फळाची चव जास्त जाणवली, तर मिरचीचं प्रमाण बरोबर जमलं.