टेक्निकल रायटिंगचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करताय? या चुका टाळा

टेक्निकल रायटिंग म्हणजे एखादं यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते वाचणाऱ्याला समजेल असं लिहिणं. कोर्समधली माझी पहिली असाइनमेंट प्रिंटर वायफायला कसा जोडायचा, यावर होती. चौथी पायरी मी अशी लिहिली होती : ‘निळा दिवा लुकलुकू लागेपर्यंत वायफायचं बटण दाबून धरा.’ पैकीच्या पैकी गुण मिळाले, वर ‘वाक्यं स्वच्छ’ असा शेराही. महिनाभराने बहिणीला तोच प्रिंटर जोडायचा होता, तेव्हा मी ऐटीत तिला माझं पान दिलं. ती बटण दाबून बसली. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, दिवा काही लुकलुकेना. कारण तो दिवा बटण सोडल्यावर लुकलुकायचा. लिहिताना प्रिंटर माझ्यासमोर नव्हताच, मी आठवणीवर लिहून मोकळा झालो होतो.

ज्याने गुण दिले त्याला प्रिंटर जोडायचा नव्हता, आणि मी लिहिलं होतं त्याच्याचसाठी. या कोर्समध्ये होणाऱ्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात. काही मी स्वतः केल्यात, काही बरोबरच्यांच्या होताना पाहिल्यात.

सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन एकच समजणं

विद्यापीठाचं सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही ठरावीक कोर्स पूर्ण केलात. सर्टिफिकेशन वेगळं. ते एखादी व्यावसायिक संस्था परीक्षा घेऊन किंवा काम तपासून देते. या क्षेत्रातलं सर्वांत ओळखीचं सर्टिफिकेशन होतं सीपीटीसी, म्हणजे ‘सर्टिफाइड प्रोफेशनल टेक्निकल कम्युनिकेटर’. ते देणारी सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन (एसटीसी) ही अमेरिकेतली जुनी संस्था, तिची मुळं १९५३ पर्यंत जातात. जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत जाऊन ती बंद पडली. त्यामुळे ‘कोर्सनंतर एसटीसीचं सभासदत्व घ्या, सीपीटीसी करा’ असा सल्ला एखाद्या माहितीपत्रकात दिसला, तर ते पत्रक बरेच दिवस कुणी उघडून पाहिलेलं नाही, एवढं नक्की समजा.

प्रवेशाआधी एवढं तरी विचारा : कोर्सला शैक्षणिक क्रेडिट आहे का, आणि माझं लिखाण माणूस वाचून शेरे देणार की नुसती क्विझ असणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका. नुसत्या व्हिडिओ आणि क्विझसाठी फी भरायची गरज नाही. गुगलचे टेक्निकल रायटिंगचे धडे फुकट आहेत, मायक्रोसॉफ्टची आणि गुगलची स्टाइल गाइड, म्हणजे लिखाणाच्या नियमांची पुस्तिकाही सगळ्यांना खुली आहे. फी भरायची ती शेऱ्यांसाठी.

हा भाषेचा कोर्स आहे असं धरून चालणं

ज्यांची भाषा चांगली असते तेच इथे जास्त अडखळतात. शाळेपासून आपल्याला शिकवलेलं असतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. मग पहिल्या पायरीत ‘विंडो’, दुसरीत ‘स्क्रीन’, तिसरीत ‘पॅनेल’. वाचणाऱ्याला वाटतं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तो दुसरी शोधत बसतो.

विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं नियंत्रित, म्हणजे ठरावीक शब्द आणि नियमांत बांधलेलं इंग्रजी वापरतात. तिथे ‘क्लोज’ हा शब्द फक्त ‘बंद करणे’ या क्रियापदासाठी चालतो, ‘जवळ’ या अर्थी वापरायला बंदी. कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं आणि वर्णनाचं २५ शब्दांचं. तुमचा कोर्स विमानांबद्दल नसला तरी एक असाइनमेंट या नियमांत बसवून बघा. सुरुवातीला जीव गुदमरतो, पण आपण कुठे उगीच पाल्हाळ लावतो ते तासाभरात लख्ख दिसतं.

मराठी माणसाची इथे एक जमेची बाजू आहे. आधी जागा, मग कृती असं लिहा, हा नियम इंग्रजी लेखकांना घोटून घ्यावा लागतो. कारण ‘क्लिक सेव्ह इन द फाइल मेन्यू’ हे त्यांच्या तोंडात सहज येतं, आणि वाचणारा मेन्यू कुठला ते कळायच्या आत सेव्ह शोधू लागतो. आपण मुळातच ‘फाइल मेन्यूत जाऊन सेव्हवर क्लिक करा’ म्हणतो. इंग्रजीत लिहितानाही हा क्रम तसाच ठेवा, त्यासाठी वेगळे कष्ट नाहीत.

धोक्याची सूचना पायरीच्या नंतर देणं

ही चूक मी प्रत्येक बॅचमध्ये पाहिली. नमुना असा :

५. रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा.
६. राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत थांबा.
टीप : रीसेट केल्यावर सगळी सेटिंग्ज पुसली जातात.

लोक पान आधी पूर्ण वाचत नाहीत. एक पायरी वाचतात, हात चालवतात, मग पुढची वाचतात. टीपेपर्यंत पोहोचेतो सेटिंग्ज गेलेली असतात. सूचना पाचव्या पायरीच्या आधी हवी, आणि त्याहीआधी ‘सेटिंग्जचा बॅकअप घ्या’ ही स्वतंत्र पायरी हवी. शिवाय सहावी ही धड पायरी नाही. थांबणं हे काम असलं तरी ते संपलं हे कशावरून ओळखायचं? ‘पॉवरचा दिवा स्थिर हिरवा होईपर्यंत थांबा’ असं लिहिलं तर उपयोग.

सूचनेवर कुठला शब्द टाकायचा, यातही गुण जातात. अमेरिकेतल्या एएनएसआय झेड५३५ या सुरक्षा मानकात डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे तसं होऊ शकतं, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा, आणि नोटीस म्हणजे माणसाला इजा नाही पण वस्तूचं नुकसान. त्या हिशेबाने राउटरच्या रीसेटवर ‘वॉर्निंग’ लिहिणं म्हणजे लांडगा आला रे आला. सॉफ्टवेअरच्या स्टाइल गाइडमध्ये मात्र हेच शब्द बरेच सैल वापरतात. असाइनमेंटला कुठली गाइड लागू आहे ते आधी पाहा आणि मग शेवटपर्यंत तिलाच धरून राहा.

टूलच्या मागे धावणं, आणि टूलने मग दगा देणं

फ्लेअर, फ्रेममेकर, रोबोहेल्प, ऑक्सिजन ही पुस्तिका आणि मदतपानं लिहायच्या सॉफ्टवेअरची नावं नोकरीच्या जाहिरातींत वाचून लोक कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची ट्रायल आवृत्ती उतरवून घेतात. ट्रायलचे दिवस मोजके असतात. शेवटच्या प्रकल्पाची वेळ येते तेव्हा ती संपलेली, आणि फाइली अशा स्वरूपात अडकलेल्या की दुसऱ्या कशात धड उघडत नाहीत. ट्रायल प्रकल्पाच्या आठवड्यासाठी राखून ठेवा आणि दर वेळी पीडीएफ किंवा एचटीएमएल प्रत बाहेर काढून ठेवा.

२००४ पासून असलेलं मार्कडाउन (साध्या मजकुरात चिन्हं टाकून मांडणी करायची पद्धत) आणि त्याच्या जोडीला गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) एवढं हाताशी असलं तरी सुरुवातीला पुरतं. फक्त तीन ठिकाणी हमखास अडायला होतं.

पहिलं, पायऱ्यांचे क्रमांक मध्येच पुन्हा १ पासून सुरू होतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये स्क्रीनशॉट किंवा कोड टाकलेला असतो आणि तो डावीकडे चिकटवून लिहिलेला असतो. मार्कडाउनला वाटतं यादी संपली. तो भाग पायरीच्या मजकुराच्या रेषेत आत सरकवा. ‘1.’ आणि एक मोकळी जागा असेल तर तीन जागा आत, ‘10.’ असेल तर चार. मार्कडाउनमधून वेबसाइट बनवणारं एमकेडॉक्स वापरत असाल तर सरळ चार. माझी एक अख्खी संध्याकाळ या एका मोकळ्या जागेने खाल्ली होती, आणि मी तोवर तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवत होतो.

दुसरं, चित्रं आपल्या कॉम्प्युटरवर दिसतात आणि शिक्षकांना मात्र तुटलेली दिसतात. एक तर पत्ता तुमच्या ड्राइव्हवरचा असतो, किंवा नावात लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ असतो. विंडोज हा फरक मनावर घेत नाही, लिनक्सवरचा सर्व्हर घेतो. फाइलींची नावं सरसकट लहान अक्षरांत ठेवली की प्रश्न मिटला.

तिसरं डिटा शिकवणाऱ्या कोर्समधलं. आयबीएममध्ये जन्मलेलं हे एक्सएमएल मानक, म्हणजे मजकुराला टॅग लावून तो ठरावीक साच्यात लिहायची पद्धत, २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने स्वीकारलं. कन्सेप्ट (समजावणी), टास्क (कृती) आणि रेफरन्स (संदर्भ माहिती) हे त्यातले पानांचे मूळचे प्रकार. टास्कमध्ये दोन पायऱ्यांच्या मध्ये सुटा परिच्छेद टाकला की एडिटर लाल होतो. तो मजकूर पायरीच्या आत, आज्ञेच्या खाली, ‘इन्फो’ या टॅगमध्ये जातो. पण एरर घालवण्याआधी तो परिच्छेद वाचा. बऱ्याचदा तो समजावणीचा असतो आणि त्याची जागा वेगळ्या कन्सेप्टमध्ये असते. म्हणजे एडिटर उगाच चिडलेला नसतो.

जाणकाराला वीस प्रश्नांची मेल पाठवणं

कोर्समध्ये बहुधा एका तरी असाइनमेंटसाठी एखाद्या इंजिनिअरला किंवा त्या विषयातल्या माणसाला गाठावं लागतं. विद्यार्थी लांबलचक प्रश्नावली पाठवतात आणि उत्तराची वाट बघत मुदत घालवतात. कोरा कागद भरायला कुणाला वेळ नसतो, चूक दुरुस्त करायला मात्र लोक कामातूनही वेळ काढतात. म्हणून आपल्याला समजलं तसं पान लिहा आणि विचारा, ‘तिसऱ्या पायरीत सर्व्हर आधी बंद करायचा की नंतर?’ उत्तर दहा मिनिटांत येतं, कधी वैतागून येतं, पण येतं. ‘जरा बघून घ्या’ असं लिहिलंत तर ‘छान आहे’ एवढंच परत येईल.

मुदत आणि शेरे

मुदत विद्यापीठाच्या घड्याळाने असते. अमेरिकी विद्यापीठ असेल तर तिथली बहुतेक ठिकाणची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. त्या आठवड्यात एक तासाने असाइनमेंट हुकलेले लोक मला माहीत आहेत. सहाध्यायांच्या लिखाणावर शेरा देताना ‘उत्तम’ लिहून सुटू नका. त्यांची कृती खरोखर करून पाहा आणि कुठे अडलात ते लिहा. आपल्या पानाला तसाच शेरा मिळावा असं वाटत असेल तर सुरुवात आपणच करावी लागते. आणि कोर्स संपल्यावर लॉगिन कधी ना कधी बंद होतं, तेव्हा शेऱ्यांसकट सगळ्या असाइनमेंट आधीच उतरवून घ्या.

चॅटबॉटने लिहिलेलं तसंच देणं

परवानगी आहे की नाही ते अभ्यासक्रमाच्या पत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचा. त्यापलीकडे खरी अडचण अशी की चॅटबॉट न पाहिलेल्या सॉफ्टवेअरची पानंही आत्मविश्वासाने लिहितो. ‘सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर जा’, आणि तो टॅब मुळात नसतोच. मी प्रिंटरबाबत केलं तेच तो करतो, फक्त जास्त सफाईने. लांब वाक्य तोडायला, विसंगत संज्ञा शोधायला त्याला जरूर कामाला लावा. पायऱ्या मात्र यंत्रासमोर बसून स्वतःच करायच्या.

पोर्टफोलिओ शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

सर्टिफिकेटवर नजर टाकायला मुलाखत घेणाऱ्याला काही सेकंद लागतात, नमुन्यांवर तो थांबतो. बॅचमधल्या सगळ्यांकडे त्याच चार असाइनमेंट असतात, त्यामुळे निदान एक तरी नमुना बाहेरचा हवा. ओपन सोर्स प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, ही त्यासाठी सोयीची जागा. पण तिथे गेल्या गेल्या अख्खं मार्गदर्शक पुन्हा लिहून पाठवणं ही नवशिक्यांची लाडकी चूक आहे. कुणी मागितलेलं नसतं आणि तपासायला कुणाला सवड नसते. आधी प्रकल्पाचे योगदानाचे नियम वाचा, दिलेली इन्स्टॉलची कृती करून पाहा, जिथे अडाल ती एकच पायरी दुरुस्त करून पाठवा.

नोकरीतली गोपनीय पानं नमुना म्हणून लावू नका, नावं पुसूनही नाही. स्क्रीनशॉटमधली खरी माहिती धूसर करण्यापेक्षा बनावट खातं उघडून चित्र नव्याने घ्या, धूसर केलेलं कधीकधी वाचता येतं.

आणि चुकलेली आवृत्ती फेकून देऊ नका. प्रिंटरचं ते पान माझ्या पोर्टफोलिओत अजून आहे, आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी. दोन मुलाखतींत नेमकं त्याच पानाबद्दल विचारलं गेलं, पैकीच्या पैकी गुणांबद्दल एकदाही नाही. चौथी पायरी आता अशी आहे : ‘वायफायचं बटण तीन सेकंद दाबून धरा आणि सोडा. निळा दिवा लुकलुकू लागेल.’ त्याखाली बहिणीने स्वतःहून सुचवलेली एक ओळ आहे : ‘दिवा लुकलुकला नाही, तर प्रिंटर बंद करून चालू करा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.’