बॉयफ्रेंड हात उचलतो, मग आधी जायचं कुठे?

पहिलं दार पोलीस स्टेशनचंच असायला पाहिजे असं काही नाही. मी मावसबहिणीला घेऊन आधी तिथेच गेले होते, आणि तिथल्या साहेबांनी पहिलं काय विचारलं तर "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर "मग सोडून द्या की त्याला." अगं सोडलं म्हणूनच तर तो रोज क्लासबाहेर उभा राहत होता, पण ते ऐकायला वेळ कुणाला होता.

मग कुणीतरी महिला आणि मुलांसाठीच्या स्पेशल सेलचं सांगितलं. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने (टिस) मुंबईत पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला, आता महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात आहे. बसतात पोलिसांच्याच आवारात पण समोर सोशल वर्कर असते, वर्दी नाही, पैसे नाहीत. तिथल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "त्याच्याकडे तुझा पासवर्ड आहे का?" होता!

तर घरी जाऊन आधी फोन बघ. व्हॉट्सॲपचं लिंक्ड डिव्हाइसेस, जीमेल कुठे कुठे लॉगिन आहे, गुगल मॅपचं लोकेशन शेअरिंग. पण त्याच्यासोबतच राहत असशील तर सगळं एका झटक्यात बंद करू नकोस, त्याला लगेच कळतं आणि तीच रात्र जड जाते. ब्लॉक करायच्या आधी धमक्यांचे स्क्रीनशॉट काढ आणि मैत्रिणीच्या फोनवर पाठवून तुझ्याकडून डिलीट कर. हेल्पलाइनला फोनसुद्धा शक्यतो तिच्याच फोनवरून.

नंबर म्हणशील तर आत्ता जीवावर बेतलंय तर ११२. बाकी १८१, महिलांसाठी, चोवीस तास. अठराच्या आत असशील तर १०९८. रात्री घराबाहेर पडावं लागलं तर १८१ वाल्यांना "सखी वन स्टॉप सेंटर" विचार, तिथे साधारण पाच दिवस राहता येतं आणि डॉक्टर, वकील, पोलीस सगळं तिथूनच जुळवून देतात.

मार लागलाय तर सरकारी हॉस्पिटल गाठ आणि प्लीज "बाथरूममध्ये पडले" सांगू नकोस, कुणी मारलं ते केसपेपरवर येऊ दे, पुढे तोच कागद कामाला येतो. मुंबईत बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये यासाठीच "दिलासा" नावाचा विभाग आहे, आता पालिकेच्या इतर काही हॉस्पिटलमध्येही आहे.

कायद्याचं जरा किचकट आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त बायकोसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं, तसं नाहीये. लग्नासारखं एकत्र राहत असाल तर लिव्ह-इनलाही लागतो, आणि घरात बाप किंवा भाऊ मारतो तर मुलगी, बहीण म्हणूनही तू अर्ज करू शकतेस (हे मला स्वतःला पस्तिशीत कळलं). नुसतं भेटणं-फिरणं मात्र त्यात बसत नाही. तिथे भारतीय न्याय संहिता (आयपीसीच्या जागी आलेला गुन्ह्यांचा कायदा), म्हणजे मारहाण, धमकी, आणि नको सांगूनही पाठलाग किंवा मेसेज करत राहिला तर कलम ७८. अठराच्या आत असशील आणि लैंगिक काही घडलं असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, आणि त्यात डॉक्टर असो की काउन्सेलर, पोलिसांना कळवावंच लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००.

फोटो व्हायरल करायची धमकी देत असेल तर एक पैसा देऊ नकोस आणि "शेवटचं एकदा भेट" ला तर अजिबात जाऊ नकोस. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाक. स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, तिथे फोटो अपलोड होत नाही, तुझ्याच फोनवर त्याचा एक कोड बनतो आणि फेसबुक, इन्स्टासारख्या कंपन्या त्या कोडवरून तो अडवतात. अठराच्या आतल्यांसाठी असंच टेक इट डाउन आहे.

आणि तारखा लिहून ठेव. कुठे, किती वाजता, कोण बघत होतं. बहिणीने फुलस्केपची दोन पानं भरली आणि सेलच्या ताईंसोबत आम्ही त्याच पोलीस स्टेशनला परत गेलो. यावेळी लग्नाचं कुणी विचारलं नाही, एफआयआर झाला. त्याची कॉपी फुकट मिळते, मागून घे, नाहीतर "उद्या या" करत बसतात.