प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर संग्रहांच्या चढाओढीत योगदान कसे द्यावे

जुने सॉफ्टवेअर जपणारे बहुतेक ऑनलाइन संग्रह स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात आणि जिथे रात्री जागून केलेले विनामोबदला काम असते, तिथे अभिमानही असणारच. एकाच जुन्या संगणकासाठी दोन संग्रह उभे राहिले की ‘आमची फाइल उचलली’ हा आरोप आज ना उद्या होतोच. एका संग्रहाशी निष्ठा ठेवण्यात गैर काही नाही. मात्र ती निष्ठा फाइलच्या मुळावर येऊ नये, यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे की, आपल्या संग्रहाची पूर्ण प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी असणे हा त्याचा अपमान मानू नये. ओएस/२ या जुन्या संगणक-प्रणालीच्या सॉफ्टवेअरचा हॉब्स हा संग्रह न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीने वर्षानुवर्षे चालवला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो बंद केला. त्यातील फाइली आज मिळतात त्या इतरांनी वेळीच प्रती काढून ठेवल्या म्हणून. प्रत काढताना मात्र सर्व्हरवर ताण येणार नाही असा वेग ठेवावा, आणि मिरर (त्याच संग्रहाची दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत) उपलब्ध असेल तर तोच वापरावा.

अपलोड करण्यापूर्वी दोन्ही संग्रहांतील प्रती ताडून पाहाव्यात. त्यासाठी फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-क्रमांक, काढावा. एमडी५ आणि शा-१ या जुन्या पद्धतींत दोन वेगळ्या फाइलींचा हॅश मुद्दाम एकसारखा करता येतो, हे अनुक्रमे २००४ आणि २०१७ मध्ये दाखवून दिले गेले आहे. इथे एक चूक वारंवार होते. झिपचा हॅश जुळला नाही की लोक समोरच्यावर फेरफाराचा आळ घेतात; पण एकच फ्लॉपी इमेज (फ्लॉपीवरील सगळ्या मजकुराची एका फाइलीत घेतलेली हुबेहूब नक्कल) दोघांनी वेगवेगळ्या वेळी झिप केली, तरी झिपमधील तारखांमुळे हॅश बदलू शकतो. म्हणून झिप उघडून आतील फाइलींचे हॅश ताडावेत आणि मगच बोलावे.

जुन्या मॅकिंटॉशच्या फाइलींबाबत तर अधिकच जपावे लागते. त्या फाइलीला डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क असे दोन भाग असतात आणि जुन्या मॅकमधील मोटोरोला ६८००० कुळातील प्रोसेसरसाठीच्या प्रोग्रॅमचा कोड रिसोर्स फोर्कमध्ये असतो. अशी फाइल हा भाग न ओळखणाऱ्या डिस्कवर उघडी टाकली, तर नाव तेवढे उरते आणि आकार शून्य बाइट दिसतो. एका संग्रहातील प्रत चालते आणि दुसऱ्यातील चालत नाही, यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. त्यात कोणाचा कावा नसतो. अशा फाइली दोन्ही भाग एकत्र बांधून ठेवणाऱ्या स्टफइट, बिनहेक्स किंवा डिस्क इमेजच्या रूपातच हलवाव्यात.

श्रेयाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि माझ्या मते निम्मी भांडणे इथेच मिटू शकतात. मूळ डिस्क कोणी दिली, इमेज कोणत्या साधनाने काढली, कोणत्या संग्रहातून प्रत घेतली, हे वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहून ती फाइल मूळ पॅकेजच्या शेजारी ठेवावी. पॅकेजच्या आत आपल्या संग्रहाची जाहिरात घुसडू नये आणि आधीच्याने लिहिलेली टीप कधीही काढू नये. ज्याने बुरशी लागलेली फ्लॉपी पुसून, पुन्हा पुन्हा वाचून एकेक सेक्टर (डिस्कवरील साठवणीचा छोटा तुकडा) सोडवला आहे, त्याचे नाव पुसणे ही उघड उघड चोरी आहे. त्याच वेळी, फ्लॉपी वाचल्याने सॉफ्टवेअरचा स्वामित्वहक्क मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तो हक्क मूळ निर्मात्याकडे किंवा त्याच्या वारसदार कंपनीकडेच राहतो.

वाद पेटलाच, तर आपल्या फाइली काढून घेण्याची धमकी देऊ नये. समोरच्या संग्रहाच्या व्यवस्थापकाला खासगीत लिहावे आणि पत्रासोबत फाइलींची नावे, त्यांचे हॅश, हवी असलेली श्रेयाची ओळ आणि त्यांच्याकडील सदोष प्रतींच्या जागी ठेवता येतील अशा चांगल्या प्रती जोडाव्यात.