गव्हाची ओंबी अर्धीच पांढरी पडली तर उपटून फेकू नका

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गहू ओंब्यांवर आला की बांधावरून नजर टाकून भागत नाही, पिकात उतरा. पांढरी ओंबी दिसली तर आधी हलकेच ओढा. ती सहज निघून आली आणि आत कुरतडलेलं दिसलं, तर तो खोडकिडा. अख्खं रोपच वाळलं असेल तर मुळाशी वाळवी शोधा. पण ओंबीचा वरचा भाग पांढरा, खालचा हिरवा आणि मध्ये दांडीवर काळपट-राखाडी डाग असेल, तर ब्लास्टची, म्हणजे ओंबी वाळवणाऱ्या बुरशीच्या रोगाची, शंका घ्या. उबदार हवेत पाऊस होऊन ओंब्या दिवसभर ओल्या राहिल्या, तर रोज पाहा. आपल्या महाराष्ट्रात या रोगाची अजून नोंद नाही. येऊच नये, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय.

बांगलादेशात फेब्रुवारी 2016 मध्ये तो अचानक दिसला आणि आठ जिल्ह्यांत सुमारे 15,000 हेक्टर गव्हावर पसरला. भातावरचा करपाही याच प्रजातीच्या बुरशीचा, त्यामुळे ती भातावरूनच गव्हावर आली का, हा पहिला प्रश्न होता. संशोधकांनी शेतातल्या रोगट पानांमधूनच बुरशीचा जनुकीय क्रम वाचला आणि इतर देशांतल्या नमुन्यांशी ताडून पाहिला. भाताशी नातं जुळलं नाही. जुळलं ते दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या बुरशीशी, जी 1985 मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा आढळली होती. एवढा समुद्र वाऱ्याने ओलांडला नसणार. संशय गेला तो बाहेरून आलेल्या गव्हाच्या दाण्यावर. पुढे झांबियातही हाच वंश सापडला, पण तिथे तो वेगळ्या वाटेने पोचला होता. बांगलादेशाच्या सीमेलगत, आपल्या पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद आणि नदिया जिल्ह्यांत गहू पेरायलाच बंदी घालावी लागली.

म्हणून कुठून आला ते ठाऊक नसलेला खाण्याचा गहू बियाणं म्हणून पेरू नका. दाणा वरून टणक दिसला तरी आत बुरशी असू शकते. अंदाजाने एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, बुरशी त्याला सरावते.

शंका आली तर झाडाला चिंधी बांधून खूण करा, जवळून फोटो काढा आणि कृषी सहायकाला फोन करा. ओंबी हातात घेऊन गावभर दाखवत फिरू नका. नमुना मागितला तर पाच-सहा ओंब्या दांड्यासकट कागदी पाकिटात द्या. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून भलतीच बुरशी वाढते. पाकिटावर गाव, गट नंबर, वाण, पेरणीची तारीख आणि बियाणं कुठून आणलं ते लिहा. प्रयोगशाळा बुरशीचं कूळ सांगेल, पण बियाणं तुमच्या शेतात कसं पोचलं ते तुम्हालाच सांगावं लागेल. पिशवीचं लेबल आणि पावती जपून ठेवली असेल तर त्याचीही प्रत सोबत द्या.